मोहिते सिस्टर समुद्राला ओव्हर देतात

मोहिते सिस्टर समुद्राला ओव्हर देतात.

हे वाक्य मी आत्तापर्यंत घरी, शाळेच्या ग्रुपवर आणि दोन मावशांना पाठवलंय, आणि सगळ्यांनी फक्त "म्हणजे?" एवढंच उत्तर पाठवलंय. तर आधी तेच सांगते, नाहीतर मला पुढे जाताच येणार नाही.

हॉस्पिटलात ड्युटी बदलते तेव्हा जाणारी नर्स येणाऱ्या नर्सला एकेका बेडपाशी नेऊन सगळं सांगते. बेड एक, ताप उतरला. बेड दोन, सलाईन चालू आहे, संपत आलंय, बघ. ह्याला म्हणतात ओव्हर देणं. ओव्हर दिल्याशिवाय नर्सनं वॉर्ड सोडायचा नाही. घरी लग्न असो, पाऊस असो, बस सुटत असो. नाही म्हणजे नाही.

आता डोळ्यांपुढे आणा. प्रभादेवीच्या मागचा खडकाळ किनारा, सकाळचे सात, ओहोटी संपून पाणी परत चढायला लागलंय. खडकावर साठीच्या एक बाई उभ्या आहेत. पंजाबी ड्रेस, पायात गमबूट, कमरेला पाऊच, हातात वही. तोंड समुद्राकडे. आणि खणखणीत आवाजात चाललंय, "बेड एक, कालवं सतरा, सगळी घट्ट मिटलेली, स्टेबल. बेड दोन, गोगलगायी सहा, एक उलटी पडली होती, सरळ केली. बेड चार, समुद्रफूल एक, उघडलेलं, जेवण झालंय. लक्ष ठेवा."

मग एक लाट येते, गमबूट भिजवते, आणि सिस्टर वही बंद करतात. "घेतलीत ना? बरं. येते."

मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं त्या फोनवर आहेत. मी त्यांच्या कानात इअरफोन शोधत होते!

माझी ओळख एका ओळीत. मी सानिका, दादरची, एमएस्सी मरीन बायोलॉजी, दुसरं वर्ष. हे सांगितलं की नातेवाईक दोनच प्रश्न विचारतात. पहिला, "म्हणजे डॉल्फिन का?" दुसरा, "पण पुढे काय?" आमच्याकडे आजोबा ऑफिसात, बाबा ऑफिसात, आई ऑफिसात. समुद्राशी घरच्यांचा संबंध म्हणजे रविवारचं पापलेट. मी एकदा आईला सांगितलं की मला खडकाला चिकटून राहणारे ते बार्नेकल आवडतात, तर तिनं विचारलं, "तळून का?"

आणि मोहिते सिस्टर माझ्या क्लासमेट. हो, क्लासमेट!

पहिल्याच दिवसाची गोष्ट. लेक्चर सुरू व्हायचं होतं, आम्ही बावीस जण बसलेलो, आणि दारातून एक बाई आल्या. पांढरे केस घट्ट बांधलेले, चष्मा दोरीला, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि चाल अशी की आपण आपोआप मोबाईल खाली ठेवतो. बावीसच्या बावीस जण उभे राहिलो. "गुड मॉर्निंग मॅऽम!"

बाई थांबल्या. सगळ्यांवरून नजर फिरवली. म्हणाल्या, "बसा, बसा. झटकन उठू नये. टाके ताजे असतात."

आणि येऊन माझ्या बाकावर बसल्या. पिशवीतून वही, तीन रंगांची पेनं, स्टीलचा डबा आणि एक थर्मामीटर काढून ओळीत मांडलं.

मी हळूच विचारलं, "तुम्ही... स्टुडंट?"

"मग काय पेशंटचे नातेवाईक?"

बस. तेव्हापासून माझी जागा तीच.

सिस्टर परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात आयुष्यभर नर्स होत्या. शेवटची कित्येक वर्षं मेडिसिन वॉर्डाच्या इन्चार्ज. राहतात नायगावला, माहेरही तिथलंच, वडील मिलमध्ये. बीएस्सी झूलॉजी त्यांनी तेव्हाच केलेलं. एमएस्सीच्या लिस्टमध्ये नावसुद्धा लागलं होतं. पण वडिलांची मिल बंद पडली, मागे चार धाकटी भावंडं, आणि नर्सिंगला होस्टेल मिळायचं. "मग मी लिस्टकडे पाठ केली आणि युनिफॉर्मचं माप दिलं," त्या सांगतात. इतक्या सहज सांगतात की आपल्यालाच पाणी प्यावंसं वाटतं. रिटायर झाल्यावर दोन वर्षांनी जुनी मार्कशीट प्लॅस्टिकमध्ये घालून डिपार्टमेंटला आल्या. क्लार्कनं विचारलं, "मुलीसाठी फॉर्म हवाय का?" सिस्टर म्हणाल्या, "हो. बावीस वर्षांची आहे, आत बसलीये."

आता बाई आल्या म्हणजे वॉर्ड आला. आमच्या लॅबमध्ये काचेच्या पाच टाक्या आहेत, त्यात जिवंत प्राणी. पहिल्याच आठवड्यात सिस्टर टाक्यांसमोर उभ्या. "ह्याचं पाणी कोणी बदललं? कधी? सही कुठाय?" कोणाला काहीच माहीत नव्हतं. पुढच्या सोमवारी प्रत्येक टाकीला दोऱ्यानं एक चार्ट लटकत होता. पाण्याचं तापमान, खारटपणा, खाणं दिलं का, कोणी दिलं, सही. कोपऱ्यातली आजारी माशांची टाकी म्हणजे आयसीयू. तिच्यासमोर मोठ्यानं हसलं तरी सिस्टर बोटानं दाराकडे दाखवायच्या. आणि गंमत माहितीये? त्या वर्षी टाक्यांमधलं जवळजवळ कोणी मेलंच नाही. आमच्या गाईड देसाई मॅडम आधी वैतागल्या, मग गप्प झाल्या, आणि मग एक दिवस मी स्वतः बघितलं, मॅडम चार्टवर सही करत होत्या.

डिसेक्शनचा पहिला दिवस तर मी विसरूच शकत नाही. कोळंबी होती. सगळ्यांनी ट्रेमध्ये कोळंबी टाचली आणि कापायला घेतली. सिस्टरांनी आधी गॉझचा एवढुसा तुकडा कापून तिच्या डोळ्यांवर ठेवला.

"सिस्टर, ती मेलीये."

"म्हणून काय झालं? पद्धत आहे."

आणि मग काय हात चालला त्या बाईंचा! आमच्या कोळंब्यांच्या नर्व्ह कॉर्डचे, म्हणजे मज्जारज्जूचे, तुकडे तुकडे, आणि त्यांची डोक्यापासून शेपटापर्यंत अख्खी, पांढऱ्या दोऱ्यासारखी. मॅडमनी सगळ्यांना बोलावून दाखवली. सिस्टरांचे कान लाल. मला कोपरानं ढोसून म्हणाल्या, "चाळीस वर्षं दुसऱ्यांनी कापलेलं सांभाळलं गं. आज इतक्या वर्षांनी परत मी कापलं!"

दुसऱ्या वर्षी डिझर्टेशन आलं आणि खरी मजा सुरू झाली. सिस्टरांनी विषय घेतला खडकावरचे प्राणी. एकाच किनाऱ्यावरच्या आठ ठरलेल्या जागा, आणि दर उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सगळ्यात लांब जातं तेव्हा, त्या आठ जागी कोण कोण आहे ते मोजायचं. दर पंधरवड्याला एक अशा सलग बारा मोजण्या. एकही चुकवायची नाही. किनाऱ्यावर एकट्यानं जायचं नाही हा डिपार्टमेंटचा नियम, म्हणून पार्टनर मी. प्लॅस्टिकच्या पाइपची चौकोनी चौकट करायची, ती खडकावर ठेवायची, आणि चौकटीच्या आतलं सगळं मोजायचं. काम एवढंच. आठ जागा म्हणजे अर्थातच आठ बेड.

वेळ कसली ठेवतात विचारा! ओहोटी सहा पाचची असली तर मला मेसेज, "रिपोर्टिंग पाच वीस." मी पाच बावीसला पोचले तर घड्याळाकडे बघून, "बस बंद पडली का?" एवढंच. ओरडणं वगैरे नाही. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

आणि उत्साह! मला वाटायचं ह्या जगात माझ्याइतकं एक्साइट कोणी होत नाही. एकदा मी एका डबक्यात वाकलेली, आणि पलीकडून आरोळी, "सानिका! सानिकाऽऽ! ॲडमिशन! लवकर ये, ॲडमिशन!" मी धडपडत गेले. खडकाच्या सावलीत बोटाच्या पेराएवढी एक समुद्री गोगलगाय, शंख नसलेली, निळी, अंगावर पिवळ्या रेघा. जशी काही कोणीतरी आत्ताच रंगवून वाळत घातलीये. सिस्टर गुडघ्यावर बसलेल्या, पाणी कमरेपर्यंत, आणि बोलत होत्या तिच्याशी. "कुठनं आलीस गं? एकटीच? बरोबर कोण आहे?" मग माझ्याकडे वळून, डोळे भरून, "मी ही पुस्तकात बघितली होती. बीएस्सीला. काळ्या-पांढऱ्यात."

बेड सहावर एक शंखवासी खेकडा होता. त्याच्या शंखावर सिस्टरांनी लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला होता, ओळख पटावी म्हणून. चौथ्या मोजणीला ठिपकेवाला शंख तिथेच, आत कोणी नाही. खेकडे वाढले की मोठ्या शंखात राहायला जातात, सिंपल आहे. सिस्टर कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. "हॉस्पिटलचे कपडे टाकून पळाला मेला."

पण त्यांचा जीव होता बेड चारवर. बेड चार म्हणजे खडकातलं परातीएवढं डबकं आणि त्यात एक समुद्रफूल. दिसायला फूल, पण प्राणी. हिरवट, टोकांना जांभळं, हाताच्या पंजाएवढं. बोट लावलं की मिटून गोळा. सिस्टर पोचल्या की आधी तिकडे जायच्या. "काय, झोप लागली का?" आणि ते उघडलेलं असलं की दिवसभर माझ्या डब्यात त्यांच्या डब्यातली जास्तीची सुक्या जवळ्याची चटणी.

पहिलं चॅप्टर लिहून दिलं तेव्हा मॅडमनी मला बोलावलं. "सानिका, हा 'डामा' काय प्रकार आहे? मी सगळ्या पुस्तकांत शोधला. टेबलमध्ये अख्खा कॉलम आहे." मी तर खुर्चीतून पडायची बाकी होते. सिस्टरांनी टेबलला कॉलम केले होते, ॲडमिट, डिस्चार्ज, एक्स्पायर्ड आणि डामा. पेशंट डॉक्टरांचं न ऐकता स्वतःच्या मर्जीनं निघून गेला की हॉस्पिटलात त्याला डामा म्हणतात. मॅडमनी लाल पेननं खोडलं, 'नोंद नाही असे लिहावे'. सिस्टरांनी मान हलवली आणि मला बाहेर येऊन म्हणाल्या, "नोंद नाही काय? नोंद तर आपणच केली ना, की तो गेला."

मग हिराबाय. ह्या बाईशिवाय गोष्ट पूर्ण होणार नाही. हिराबाय कोळीण, त्याच खडकावर कालवं फोडायला येते, तीस वर्षं. पाचव्या मोजणीला आम्ही पोचलो तर ही बेड एकवर बसून कोयत्यानं टकाटक.

"अहो बाई! हा माझा वॉर्ड आहे!" सिस्टर.

"ए बाय, ह्यो दगड काय तुज्या सासऱ्याचा हाय?"

"तुम्ही फोडताय ते माझे पेशंट आहेत!"

"आनि माजं कालवण हाय!"

मला वाटलं आता दोघी एकमेकींना पाण्यात ढकलतात. पण सिस्टरांनी हिराबायच्या पायांकडे बघितलं. सुजलेले होते. एकदम आवाज बदलला. "ही सूज कधीपासून? बसा इथे." आणि पाऊचमधून चक्क बीपीचं मशीन! खडकावर बसवून हिराबायचं बीपी घेतलं. फार होतं. "मीठ कमी करा."

हिराबाय चहूकडे बघून म्हणाली, "समिंदरात उबी ऱ्हाऊन बोलतीस मीठ कमी कर!"

मी इतकी हसले की वही पाण्यात पडता पडता वाचली. पण त्यानंतर ठरलं. आठ बेड सोडून बाकी खडक हिराबायचा, आणि दर पंधरवड्याला बीपी. पुढे पुढे तर आम्ही पोचायच्या आधी हीच रिपोर्ट द्यायची. "तुजा चार नंबर आज बरा हाय गो, सिस्टर. काल जरा मिटलेला."

आता अकरावी मोजणी. हे लिहिताना माझे हात जरा हळू होतात, कारण ह्यात चूक माझी आहे.

पाणी चढायला लागलं होतं. बेड आठवर गोगलगायी नऊ की दहा, कळेना. एक लाट यायची, सगळं फेसाळ. मला आठ चाळीसचं लेक्चर होतं आणि भूक लागली होती. मी म्हटलं, "दहा लिहा ना सिस्टर. एकानं काय फरक पडतो?"

त्यांनी पेन्सिल थांबवली.

"वॉर्डात काही जणी तापाचे चार्ट टेबलावर बसून भरायच्या," त्या म्हणाल्या. "न बघता. सगळ्यांना अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा. एकदा मी राऊंड घेतला. त्यातला एक पेशंट दोन तासांपूर्वी गेलेला होता. त्यालाही अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा."

त्या परत बेड आठपाशी गेल्या, दोन लाटांच्या मध्ये मान खाली घालून मोजलं. नऊ. लिहिलं. आणि परत येताना हिरव्या शेवाळावर पाय सरकला.

मला तो आवाज अजून आठवतो. सिस्टर मात्र खडकावर बसल्या बसल्या स्वतःचा घोटा चाचपत होत्या. "फ्रॅक्चर आहे. सानिका, रडू नकोस. गाडी बोलाव. आधी ओव्हर." आणि घोटा धरून, दात दाबून, आठही बेडची ओव्हर दिली समुद्राला. मग हिराबायनं आणि मी खांद्यावर घेतलं.

सहा आठवड्यांचं प्लास्टर. बारावी मोजणी दोन आठवड्यांवर. मॅडम म्हणाल्या, पार्टनरनं मोजलं तरी चालेल, पण मोजणी त्याच उधाणाला झाली पाहिजे, कारण पुढच्या उधाणाआधी सबमिशन आहे. हुकली तर सगळं पुढच्या वर्षी. अकरा मोजण्यांसकट.

मी मॅडमचं हे सांगणं घेऊन नायगावला गेले. सिस्टर पलंगावर, पाय उशीवर. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "चाळीस वर्षं थांबले. अजून एक नाही थांबणार." मग माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. "पण तू? तू फोनमध्ये बघत जिना उतरतेस."

"मी करेन सिस्टर. खरंच."

"बघू. आतून कडधान्याचे डबे आण."

आणि सुरू झालं ट्रेनिंग. खरं सांगते, एवढी मेहनत मी एन्ट्रन्सला नव्हती घेतली! फरशीवर ती पाइपची चौकट. आत वाटाणे, चवळी, मसूर आणि शर्टची बटणं, सगळं मिसळून. वाटाणे म्हणजे कालवं, चवळी म्हणजे गोगलगायी, बटणं म्हणजे समुद्रफुलं. मोजायला तीन मिनिटं.

"वाटाणे?"

"चौतीस."

"छत्तीस. दोन मारलेस. परत."

दुसऱ्या दिवशी मी मोजत असताना पलंगावरून तांब्याभर पाणी ओतलं चौकटीत. "सिस्टर!" "समुद्र थांबणार नाहीये तुझ्यासाठी. मोज." भिजलेले मसूर त्या रात्री आमटीला गेले असतील.

हे सगळं एका खोलीत. भिंतीवर बुद्धाचा फोटो, खिडकीत ओळीनं शिंपले, आणि दाराजवळ एक वेताची खुर्ची, तिच्या हातावर घडी घातलेला पंचा. पहिल्याच दिवशी मी येऊन त्या खुर्चीवर धाडकन बॅग टाकली होती. "तिथे नको," सिस्टर पलंगावरून म्हणाल्या. "बॅग खाली." मला वाटलं, स्वच्छता. नर्स ना. मी खाली फरशीवरच बसत गेले. तसंही कडधान्य खालीच होतं.

बाराव्या मोजणीच्या दिवशी मी पाच अठराला किनाऱ्यावर होते. दोन मिनिटं आधी! हिराबाय कोयता बाजूला ठेवून माझ्याबरोबर आली. बेड एक, कालवं सोळा. बेड दोन, गोगलगायी सात. बेड तीन, झालं. माझं मलाच कौतुक वाटत होतं.

बेड चार रिकामं होतं.

डबकं तेच, पाणी स्वच्छ, तळाची वाळू दिसत होती. मी खडकाच्या कपारीत बघितलं, खालून हात घातला, शेजारची तीन डबकी बघितली. नाही. हिराबाय पण वाकून बघत होती. मी तिला विचारायला लागले, आणि मी विचारायला लागले की एक प्रश्न कधीच नसतो. कधी बघितलं होतंस शेवटचं? सकाळी की संध्याकाळी? उघडं होतं की मिटलेलं? कोण आलं होतं का इथे? हिराबाय म्हणाली, "परवा सांजच्याला बगितला मी. उगडा होता, ह्यो एवडा. पानी निवळ होता. कोन नाय आला."

माझी पेन्सिल कागदावर. मोजताना आम्ही एकाला एक उभी रेघ मारतो. एक रेघ काढायला किती वेळ लागतो हो? अकरा वेळा होतं, बाराव्यांदा असतं तर कोणाला कळलं असतं? मॅडमना नाही. सिस्टर तर प्लास्टरमध्ये. आणि त्या किती खूश झाल्या असत्या, मी फोनवर सांगितलं असतं, उघडलेलं आहे, जेवण झालंय.

अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा.

मी शून्य लिहिलं. बाजूला वेळ लिहिली. मग बाकीचे चार बेड केले, एकही न मारता. पाणी चढायला लागलं. निघायची वेळ झाली आणि मी उभीच. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि हळू आवाजात समुद्राला म्हटलं, "बेड एक, कालवं सोळा..." आठवा बेड सांगून झाला तेव्हा बूट भिजले.

"तुलाबी लागली सवय," हिराबाय म्हणाली.

तिथून सरळ नायगाव. फोनवर सांगायचं नव्हतं मला. सिस्टर उशीला टेकून बसलेल्या, केस घट्ट बांधलेले, मांडीवर वही उघडी. ड्युटीवर असल्यासारख्या.

"सांग."

मी सांगितलं. बेड एक, दोन, तीन. आणि मग, "बेड चार रिकामं आहे, सिस्टर."

पेन थांबलं.

"वेळ?"

"सहा अठरा."

"आजूबाजूला बघितलंस?"

"तीन डबकी. कपारीसुद्धा. आणि हिराबायनं परवा संध्याकाळी बघितलं होतं. पूर्ण उघडलेलं होतं. पाणी स्वच्छ होतं. कोणी आलं नव्हतं तिकडे." मग मला राहवेना. "एक्स्पायर्डमध्ये लिहायचं का?"

"मेलेलं बघितलंस?"

"नाही."

"मग? समुद्रफुलं सरकतात. तळ सोडून वाहतसुद्धा जातात." त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि वही माझ्याकडे वळवली. डामा. त्या हसल्या. "मॅडमना दाखवू नकोस. त्यांच्या कॉपीत 'नोंद नाही' लिहू."

उरलेले बेड मी सांगितले, त्यांनी घेतले. बारावी मोजणी पूर्ण! मला खरं म्हणजे नाचायचं होतं. पण सिस्टर दाराजवळच्या त्या खुर्चीकडे बघत होत्या.

"हे तिथे बसायचे," त्या म्हणाल्या. "मोहिते. डेपोत मेकॅनिक होते. मी ड्युटीवरून आले की चहा टाकायचे आणि म्हणायचे, दे ओव्हर. सगळा वॉर्ड पाठ होता त्यांना. नाव एकाचं माहीत नाही, पण बारा नंबरच्या पोराला डिस्चार्ज मिळाला का, सात नंबरची बाई जेवली का, सगळं विचारायचे. वर्षानुवर्षं."

मी फरशीवरच.

"रिटायर व्हायला सहा महिने होते माझे. मी ड्युटीवर होते, शेजारचे फोन करून म्हणाले, गेले. बस, एवढंच. कधी गेले, पाणी मागितलं का, कुठे दुखत होतं, काही बोलले का, कोणाला सांगता येईना. हजारो पेशंटची ओव्हर दिली मी. ह्यांची मला कोणी दिली नाही."

बाहेर कोणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. सिस्टरांनी चष्मा काढून पुसला, परत लावला.

"तू परवा संध्याकाळचं विचारून आलीस," त्या म्हणाल्या. "ते सांगितलं नव्हतं मी तुला. चांगलं केलंस." मग वहीखाली सही केली, वेळ घातली. "घेतली ओव्हर."

मी उठले. बॅग उचलली. आता निघावं असं वाटत होतं आणि निघवत पण नव्हतं.

"कुठे निघालीस? बस ना."

मी परत फरशीकडे वळले.

"खाली नको. खुर्चीत बस."

मी त्या पंचाला धक्का न लावता, अगदी कडेला, बसले. वेत करकरलं.

"हं. आता सांग."

"सगळे आठ सांगितले, सिस्टर."

"ते झालं. तुझं सांग. सकाळी काय खाऊन निघालीस, आई काय म्हणाली, पुढे काय करणार आहेस. पहिल्यापासून."

मी बोलायला लागले की आमच्या घरी आई टीव्हीचा आवाज वाढवते, बाबा बाल्कनीत जातात. मी पहिल्यापासून सुरू केलं. सकाळी साडेचारच्या अलार्मपासून. सिस्टरांनी वहीचं नवं पान काढलं आणि मध्ये एकदाच थांबवलं, "हळू, लिहितेय," एवढं म्हणायला.